चाबूक, शिस्त आणि अनुमोदना

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाची शब्दबद्ध प्रत)



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दोंडाईच्याहून सारंगखेड्याकडे जाणारा रस्ता गजबजू लागतो. तापीकाठच्या एकमुखी दत्ताची ही यात्रा आपल्या पंचक्रोशीला नवी नाही. दत्तजयंतीला भरणाऱ्या या यात्रेचे मोठे आकर्षण म्हणजे घोडेबाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या मुलखांतून जातिवंत घोडे येथे येतात. जाणकार मंडळी घोड्याचे दात पाहून वय ठरवतात, अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ सांगतात, चाल पाहतात, मारवाडी घोड्याच्या कानांची टोके एकमेकांना कशी भिडतात ते कौतुकाने दाखवतात. एवढे सगळे बारकाईने पाहणारी नजर दोन गोष्टींवर मात्र क्वचितच थांबते. घोड्याच्या पुठ्ठ्यावर चाबकाचे वळ आहेत काय, आणि त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात लगामाने पडलेली जखम आहे काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. घोड्यावर चाबूक चालतो, तेव्हा दोष कोणाचा आणि शासन कोणाला?

विषय वरवर पाहता आपल्यापासून दूरचा वाटेल. घोड्यांच्या शर्यती मुंबई-पुण्याच्या, आणि आपण खानदेशातील व्यापारी, शेतकरी माणसे. परंतु या विषयाचा एक धागा थेट श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून तो थोडा सविस्तर पाहणे योग्य ठरेल.

शर्यतीचा अखेरचा टप्पा

मुंबईच्या महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८८३ साली उभे राहिले. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ही संस्था तेथील कारभार पाहते. हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यतींचा हंगाम असतो. घोडा, मालक, प्रशिक्षक आणि जॉकी अशी ही चौकडी आहे. शर्यतीआधी जॉकीचे वजन होते, शर्यतीनंतरही होते. शर्यत न्याय्य झाली की नाही हे पाहण्यासाठी ‘स्टुअर्ड’ नावाचे पंच असतात. चारही बाजूंनी केलेले चित्रीकरण ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि गैरवर्तन दिसल्यास जॉकीला समज देणे, आर्थिक दंड करणे किंवा काही दिवस घोड्यावर बसण्यास मनाई करणे असे उपाय योजतात.

शर्यतीचा आरंभ आणि मध्य हा खरा कौशल्याचा भाग. घोड्याचा दम राखणे, गर्दीतून वाट काढणे, वळणावर जागा न सोडणे या सर्वांत जॉकीची पारख होते. चाबूक बाहेर निघतो तो बहुधा अखेरच्या चारशे मीटरांत. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हजारो लोकांचा आवाज टिपेला पोहोचतो, समोर विजयरेषा दिसू लागते, आणि थकलेल्या जिवाच्या अंगावर फटके पडू लागतात.

चाबूक बाळगण्यास एक सबळ कारण सांगितले जाते. घोडा एकाएकी एका बाजूला कलू लागला, शेजारच्या घोड्यावर आदळण्याचा संभव निर्माण झाला, तर त्याला सरळ करण्यासाठी चाबकाचा आधार लागतो. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणाऱ्या घोड्यावरून पडणे म्हणजे काय, हे जॉकीच जाणतो. हे कारण खोटे म्हणता येणार नाही. परंतु अपघात टाळण्यासाठी उचललेला हात आणि बक्षिसासाठी उचललेला हात यांत अंतर आहे. जगभरातील शर्यत-संस्थांनी गेली काही वर्षे हेच अंतर नियमात बसविण्याचा प्रयत्न चालविला आहे.

जिंकणाऱ्याला शिक्षा, विजय मात्र कायम

इंग्लंडमधील ‘ग्रँड नॅशनल’ ही अडथळ्यांची अतिशय खडतर शर्यत. एप्रिल २०११ मध्ये ती बॅलाब्रिग्ज या घोड्याने जिंकली. त्याच शर्यतीत दोन घोडे मृत्युमुखी पडले. विजयी घोडा इतका थकला होता की त्याच्या अंगावर बादल्याबादल्यांनी पाणी ओतावे लागले. जॉकी जेसन मॅग्वायर याने चाबकाचा अतिरेक केला असा निर्णय पंचांनी दिला आणि त्याला पाच दिवसांची बंदी घातली. परंतु विजय कायम राहिला आणि मालकाला मिळालेले लाखो पौंडांचे बक्षीसही कायम राहिले.

येथे व्यापारी माणसाने क्षणभर थांबून हिशेब मांडावा. एका बाजूला पाच दिवसांची घरबसणी, दुसऱ्या बाजूला आयुष्यभर मिरवावा असा विजय आणि बक्षिसातील वाटा. ज्या गुन्ह्याचा नफा शिक्षेपेक्षा मोठा असतो, त्या गुन्ह्याची शिक्षा ही शिक्षा राहत नाही. ती व्यवहारातील एक किरकोळ खर्च होऊन बसते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश नियामक संस्थेने नियम कडक केले. सपाट मैदानावरील शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ फटक्यांची मर्यादा घातली. त्यातही अखेरच्या सुमारे दोनशे मीटरांत पाचच. नियम लागू होऊन आठवडा होत नाही तोच अॅस्कॉट येथील मोठ्या शर्यतीत बेल्जियमचा जॉकी क्रिस्तोफ सुमियाँ विजयी झाला, आणि अखेरच्या टप्प्यात एक फटका अधिक मारल्याबद्दल त्याचा सुमारे पन्नास हजार पौंडांचा वाटा रोखण्याचा आदेश निघाला. जॉकींमध्ये संतापाची लाट उसळली. इतक्या वेगात, इतक्या कोलाहलात फटके कसे मोजायचे, असा त्यांचा प्रश्न होता. काही दिवसांतच अखेरच्या टप्प्याची वेगळी मर्यादा मागे घ्यावी लागली.

जॉकींची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. शर्यतीच्या नियमांत असेही कलम असते की जॉकीने घोडा शक्य तितक्या वरच्या क्रमांकावर आणण्याचा मनापासून प्रयत्न केला पाहिजे. प्रयत्न कमी पडल्याचे दिसले तरीही शिक्षा. म्हणजे हात आखडला तर संशय आणि हात चालवला तर दंड. त्याशिवाय मालकाची अपेक्षा, प्रशिक्षकाची सूचना, पैसे लावणाऱ्यांचा आरडाओरडा. या चौघांच्या मधोमध घोड्यावर बसलेला हा कमी वजनाचा मनुष्य. त्याच्या हातातील चाबूक दिसतो. त्या हातामागचे इतर हात दिसत नाहीत.

पुढे बारा वर्षांनी, २०२३ च्या सुरुवातीस, ब्रिटनमध्ये मर्यादा आणखी खाली आणण्यात आली. सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात. परंतु महत्त्वाची सुधारणा आकड्यांत नव्हती. मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके मारले गेले, तर आता घोडाच अपात्र ठरतो. विजय जातो, बक्षीस जाते, मालकाच्या पदरी काही उरत नाही. साहजिकच आता मालक स्वतःच जॉकीला बजावतो की फटके मोजून वापर. लाभाला हात लागल्याबरोबर दया जागी झाली. हे मनुष्यस्वभावाला भूषणावह नसेल, पण खरे आहे.

तरीही एक फट राहिलीच. हा अपात्रतेचा निर्णय शर्यतीनंतर काही दिवसांनी होतो. तोवर पैजांचे पैसे चुकते झालेले असतात. पैसे लावणाऱ्याच्या खिशाला या शिस्तीचा स्पर्शही होत नाही.

विज्ञान काय सांगते?

चाबकाने घोडा खरोखर अधिक वेगाने धावतो काय? ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी २०११ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोडे सर्वाधिक वेगात असतात तो टप्पा चाबूक पडण्यापूर्वीचा असतो, असे त्यांना आढळले. चाबूक पडू लागतो तेव्हा थकव्याने वेग उतरणीला लागलेला असतो, आणि फटक्यांमुळे निकालात भर पडल्याचे त्यांना दिसले नाही. पुढे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातच घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहण्यात आली. वेदना जाणवणाऱ्या वरच्या थरातील मज्जातंतूंच्या बाबतीत दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. घोड्याचे कातडे जाड, त्याला काय लागणार, हा समज त्या दिवशी निराधार ठरला.

नॉर्वे या देशाने तर १९८२ सालीच घोड्याला पळविण्यासाठी चाबूक वापरण्यावर बंदी घातली. तेथील शर्यती त्यामुळे बंद पडल्या नाहीत. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. जातिवंत घोड्याला ती अधिक शोभते. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढ्या जागेची त्वचा थरथरते, हे सारंगखेड्याच्या बाजारात कोणीही पाहू शकतो. माशीचे वजन ज्याला कळते, त्याला चाबकाचे कळत नसेल काय?

आपल्या देशातील कायदा

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात असा निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्यच. पण त्यातून एक प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्या खेळाने कौशल्याच्या बळावर मान्यता मिळविली, त्याने अखेरच्या दोनशे मीटरांत कौशल्य बाजूला ठेवून चाबूक उचलावा, ही विसंगती नव्हे काय?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या संसदेने १९६० साली केला. जनावराला मारणे, लाथ घालणे, त्याच्यावर अति स्वारी करणे, अति भार लादणे या सर्वांना त्यात गुन्हा म्हटले आहे. परंतु पहिल्या अपराधाची शिक्षा किती? कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. साठ वर्षांपूर्वी ५० रुपयांना मोल होते. आज दोंडाईच्याच्या मिरची बाजारात त्या पैशात मूठभर चांगली मिरची येईल. घोड्याच्या पाठीवरील वळांची कायद्याने ठरविलेली किंमत एवढीच.

याच्या शेजारी बैलगाडा शर्यतीचे उदाहरण ठेवून पाहावे. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती अवैध ठरविल्या. ग्रामीण महाराष्ट्रात मोठी नाराजी पसरली. विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींसह अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. या दुरुस्तीने शर्यत परत आली, पण जुना चाबूक परत आला नाही, निदान कागदावर तरी नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी आणि काठी, चाबूक, पराणी किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरण्यास संपूर्ण मनाई अशा अटी आहेत. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास.

एकाच राज्यात, एकाच आकाशाखाली, शर्यतीच्या बैलासाठी पाच लाख आणि टांग्याच्या घोड्यासाठी पन्नास रुपये! शिवाय एका ठिकाणी चाबूक मोजून मारण्याची रीत, तर दुसऱ्या ठिकाणी तो मुळीच न मारण्याचा नियम. गावच्या मातीतल्या शर्यतीचा कायदा या बाबतीत मोठ्या शहरांच्या हिरवळीपेक्षा पुढे गेला आहे, ही गोष्ट ग्रामीण माणसाने अभिमानाने सांगावी आणि तितक्याच प्रामाणिकपणे पाळावी. कारण जत्रेच्या धुरळ्यात कायदा सहज दिसेनासा होतो. नियमाचे रक्षण शेवटी तेथे उभे असलेले प्रेक्षकच करू शकतात.

शास्त्रांची सूक्ष्म दृष्टी

आता आपल्या घरच्या ठेव्याकडे वळू. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात नित्य आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील ‘वध’ या शब्दाचा अर्थ अनेकजण प्राण घेणे असा समजतात. परंतु तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी स्पष्ट केले आहे की येथे वध म्हणजे प्राणहरण नव्हे, कारण त्याचा त्याग श्रावकाने आधीच केलेला असतो. येथे वध म्हणजे दंड, कशा, वेत इत्यादींनी प्राण्यावर केलेला आघात. ‘कशा’ म्हणजे चाबूक! कोणत्याही देशाची शर्यत-संस्था अस्तित्वात नव्हती, तेव्हा आपल्या आचार्यांनी चाबकाचे नाव घेऊन तो दोष नोंदवून ठेवला. आजचा कायदा ज्याला मारणे आणि अति भार लादणे म्हणतो, ते दोन्ही या पाचांत आहेत.

दुसरा विचार त्याहून खोल आहे. हिंसा तीन वाटांनी होते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केल्याला संमती देणे. मघाच्या शर्यतीकडे या दृष्टीने पाहिले की सगळे चित्र उलगडते. जॉकी करतो. मालक आणि प्रशिक्षक करवितात. आणि कडेला उभा राहून टाळ्या पिटणारा, पैसे लावणारा अनुमोदन देतो. जगाच्या शिस्तीला पहिल्यापर्यंत पोहोचायला फार काळ लागला नाही. दुसऱ्यापर्यंत ती अगदी अलीकडे, २०२३ साली पोहोचली. तिसऱ्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. साधू-साध्वींचा त्याग तिन्ही वाटांचा असतो. गृहस्थाच्या व्रतात मात्र सामान्यतः करणे आणि करविणे यांचाच त्याग येतो. अनुमोदनेची वाट मोकळी राहते. संसारात राहणाऱ्याला ती सर्वस्वी बंद करणे अवघड, हे जाणूनच ही सवलत आहे. पण सवलत म्हणजे निर्दोषत्व नव्हे. वाट मोकळी आहे म्हणून तिच्यावरून चाललेच पाहिजे असे नाही. दार उघडे असले की घरमालकाला अधिक जागे राहावे लागते. पैजेच्या नादाविषयी तर वेगळे सांगायला नको. सप्त व्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला आहे.

नेमिकुमारांची कथा आपल्या घराघरांत बालपणापासून सांगितली जाते. वरातीचा रथ चालला होता. बांधलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला. त्यांनी सारथ्याला विचारले, आणि कारण कळताच रथ परत फिरवायला लावला. या कथेतील एका गोष्टीकडे आज लक्ष द्यावे. नेमिकुमारांनी सारथ्याला दोष दिला नाही, पशू बांधणाऱ्यांना शिक्षा द्या असेही म्हटले नाही. हे सर्व आपल्यासाठी चालले आहे, एवढे त्यांनी ओळखले. लगाम सारथ्याच्या हाती होते. परंतु रथ कोणासाठी निघाला होता?

आपल्या दारचा घोडा

हाच प्रश्न आता आपल्या दारी आणून उभा करावा लागेल. महालक्ष्मीच्या मैदानावर आपल्यापैकी फारच थोडे जात असतील. पण लग्नाच्या वरातीत नवरदेव घोडीवर बसतो. चातुर्मासाच्या सांगतेला, दीक्षेच्या प्रसंगी, तपस्वींच्या सन्मानार्थ वरघोडा निघतो, आणि त्यात घोडे, बग्गी, रथ असतात. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. ज्या समाजाच्या मंदिरात घोड्याची आकृती भगवंतांच्या चरणाशी कोरलेली असते, त्या समाजाच्या मिरवणुकीतील घोड्याची अवस्था कशी असावी?

वरातीतील घोडीला भर गर्दीत, कर्कश वाद्यांत आणि फटाक्यांच्या धुरात तासन् तास उभे राहावे लागते. ती बिथरू नये म्हणून पुष्कळदा तोंडात काटेरी लगाम घातलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही. लगाम ओढला की काटे जिभेत आणि गालात रुततात, आणि जखमेच्या भीतीने जनावर गप्प राहते. आपण त्याला शांत स्वभावाची घोडी म्हणतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी असा काटेरी लगाम आणि अणकुचीदार काठी वापरण्यास मनाई केली आहे. नियम आहे, पण लगाम उघडून पाहतो कोण?

तो आपण पाहायचा आहे. घोडीवाल्याला दोष देऊन भागणार नाही. तोही त्या जॉकीसारखा पोटासाठी राबणारा मनुष्य आहे. पैसे आपण देतो, तेव्हा करविणारे आपणच ठरतो. म्हणून सुपारी देतानाच त्याला चार गोष्टी सांगाव्यात: लगाम साधा असेल, चाबूक घरी राहील, दुपारच्या उन्हात जनावर ताटकळणार नाही, आणि मध्ये पाणी व विश्रांती मिळेल. अटी पाळल्यास दोन पैसे अधिक द्यावेत. घोड्याशेजारी फटाके वाजणार नाहीत, ही जबाबदारी घरच्या वडीलधाऱ्यांनी घ्यावी. आणि शक्य असेल तेथे घोड्याशिवायच मिरवणूक काढावी. तपस्वीचा सन्मान माणसांनी खांद्यावर उचललेल्या पालखीनेही तितकाच होतो.

सारंगखेड्याच्या बाजारात जे घोडा घेतात, त्यांनीही दात आणि भोवरे पाहून झाल्यावर एकदा जबड्याचा कोपरा पाहावा, पुठ्ठ्यावरून हात फिरवावा. ज्याच्या घोड्याच्या अंगावर वळ नाहीत, त्या विक्रेत्याला भाव चढून मिळू लागला, तर बाजारात चाबूक आपोआप खाली येईल. शिक्षेने जे बारा वर्षांत साधले नाही, ते खरेदीदाराची नजर एका हंगामात साधू शकेल.

मराठी भाषेत घोडा शिकविणाऱ्याला ‘चाबुकस्वार’ म्हणण्याची जुनी रीत आहे. पण जाणता चाबुकस्वार चाबूक हातात धरतो तो क्वचितच. त्याचे काम मांडीच्या दाबावर आणि आवाजावर चालते. शिस्तीचे मोठेपण हत्यार न वापरण्यात असते, हे त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या कारागिरालाही ठाऊक असते.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल सोहळा आहे. या निमित्ताने पुष्कळ संकल्प होतील, वास्तू उभ्या राहतील, देणग्या जाहीर होतील. त्यांच्याबरोबर एक लहानसा, खर्च नसलेला संकल्पही व्हावा. आपल्या कोणत्याही मंगलकार्यात चाबूक आणि काटेरी लगाम येणार नाही. सायंकाळी प्रतिक्रमणाला बसल्यावर ‘वध’ हा अतिचार उच्चारताना मग जीभ अडखळणार नाही.

जय जिनेंद्र.